‘चार्ज’ला मराठीत नेमका शब्द कोणता? (बँक, कोर्ट, वीजबिल, बॅटरी)

लेखणी_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

इंग्रजीतून मराठीत कागदपत्रे आणताना ‘चार्ज’ या एका शब्दावर गाडी अडते आहे. समोर चार तऱ्हेचे कागद आहेत: एका छोट्या कंपनीचे बँकेचे कर्जमंजुरीपत्र, सत्र न्यायालयाचा आदेश, वीजजोडणीच्या अटी आणि विभागीय चौकशीचे ज्ञापन. चारही ठिकाणी ‘चार्ज’ आहे आणि चारही ठिकाणी अर्थ वेगळा. यंत्राने केलेल्या अनुवादात बँकेच्या ‘फ्लोटिंग चार्ज’चे ‘तरंगते शुल्क’ झाले आहे आणि अधिकाऱ्याने ‘चार्ज’ घेतला तिथे ‘आरोप स्वीकारला’ असे आले आहे. दुसरी चूक तर त्या अधिकाऱ्याला थेट गुन्हेगार ठरवणारी आहे.

शब्दकोशात शुल्क, आकार, भार, प्रभार, बोजा, आरोप, दोषारोप, कार्यभार, हल्ला असे सगळे शब्द एकापुढे एक दिलेले असतात. कोणता कुठे, हे मात्र कोश सांगत नाही. वाक्य बघून अर्थ कसा ओळखायचा आणि त्या त्या क्षेत्रातली माणसे खरोखर कोणता शब्द वापरतात, एवढे कळले तर फार मदत होईल. जवळच्या अर्थाच्या शब्दांतला फरकही सांगावा. लीन, मॉर्गेज, प्लेज आणि चार्ज यांत तर मी पुरता गोंधळलो आहे.

---

शब्दमूळ

आधी मूळ बघू, कारण या शब्दाच्या बाबतीत मूळ खरेच कामाला येते. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून ‘कार्रिकारे’ म्हणजे गाडीत माल लादणे. तिथून जुन्या फ्रेंचमधून ‘चार्ज’ इंग्रजीत आला. कार्गो हा त्याचा भाऊबंद आणि कार ही त्याच घराण्यातली. म्हणजे मूळ अर्थ एकच, लादणे. बंदुकीत दारू लादली, माणसावर जबाबदारी लादली, जमिनीवर कर्ज लादले, आरोपीवर गुन्हा लादला, गिऱ्हाइकावर पैसे लादले. मराठीतला ‘आरोप’ही मुळात संस्कृतातल्या चढवण्याच्या धातूवरूनच आला आहे, आणि आपण बोजाही ‘चढवतो’ आणि ‘उतरवतो’.

त्यामुळे वाक्य समोर आले की पहिला प्रश्न हा: कोणी, कोणावर, काय लादले? याचे उत्तर बहुतेक वेळा ‘चार्ज’नंतरच्या छोट्या शब्दात सापडते.

‘चार्ज ऑन’ किंवा ‘चार्ज ओव्हर’ आणि पुढे मालमत्ता असेल तर बोजा. ‘चार्ज फॉर’ आणि पुढे वस्तू किंवा सेवा असेल तर आकार. ‘चार्ज टू’ आणि पुढे खाते असेल तर नावे टाकणे, म्हणजे डेबिट करणे. ‘चार्ज ॲट’ असेल तर अंगावर धावून जाणे. ‘चार्ज अगेन्स्ट’ आणि पुढे माणूस असेल तर आरोप.

‘चार्ज्ड विथ’ मात्र फसवे आहे. ‘चार्ज्ड विथ मर्डर’ म्हणजे खुनाचा आरोप. ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य सोपवले. ‘चार्ज्ड विथ टेन्शन’ म्हणजे तणावाने भरलेले. इथे ‘विथ’च्या पुढचे नाम बघितल्याशिवाय कलम उचलू नये.

आणखी एक सापळा आहे. ‘इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मुलाची जबाबदारी असलेला माणूस. ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे परिचारिकेच्या देखरेखीखाली असलेला. मधल्या एका ‘द’ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते.

---

फेरफार

बँक आणि जमीन या बाजूचे सविस्तर लिहितो, कारण चुकीचा शब्द इथे सर्वांत महागात पडतो.

जमिनीच्या आणि कर्जाच्या संदर्भात ‘चार्ज’ला महाराष्ट्रात शब्द एकच, बोजा. कायद्याच्या परिभाषेत ‘प्रभार’ किंवा ‘भार’ दिसेल, पण सातबारावर, बँकेच्या पत्रात आणि तलाठ्याच्या तोंडी बोजाच असतो. कर्ज घेतले की बोजा चढतो, फिटले की बोजा कमी करायचा. बँकेचे पत्र आणि अर्ज गेला की गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की गाव नमुना 7 च्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा दिसतो किंवा तिथून जातो. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. अनुवादात ‘रिलीज ऑफ चार्ज’ आले तर ‘शुल्कमुक्ती’ नको, ‘बोजा कमी करणे’ असे लिहावे. कर्ज फिटूनही सातबारावर बोजा तसाच राहतो तो बहुधा इथेच. लोक बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, घरी ठेवतात आणि फेरफाराचा अर्ज करायचाच राहतो. त्यामुळे पत्राच्या अनुवादात ही दोन कामे वेगवेगळी दिसली पाहिजेत.

गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाला आणखी एक खास शब्द आहे, इकरार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 प्रमाणे सभासद आपल्या जमिनीवर बोजा निर्माण करणारे घोषणापत्र देतो, तोच इकरार. इंग्रजीत नुसते ‘डिक्लरेशन’ असते. त्याचे ‘जाहीरनामा’ केले तर शेतकऱ्याला काही बोध होणार नाही.

आता जवळचे शब्द.

मॉर्गेज म्हणजे गहाण. स्थावर मालमत्तेतला हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे हस्तांतरित होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 58.

चार्ज त्याच कायद्याच्या कलम 100 मध्ये आहे. मालमत्ता पैशाच्या फेडीसाठी तारण असते, पण व्यवहार गहाण ठरत नाही. हितसंबंध हस्तांतरित होत नाही, त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याचा हक्क तेवढा मिळतो. म्हणून सर्वसाधारण नियम असा की, बोजाची कल्पना नसताना मोल देऊन मालमत्ता घेणाऱ्याविरुद्ध तो बोजा चालत नाही. गहाणाचे तसे नाही. एका दस्तात दोन्ही शब्द आले तर दोन्हींना ‘गहाण’ लिहिणे म्हणजे कायदा बदलणे आहे.

प्लेज म्हणजे जंगम वस्तू प्रत्यक्ष ताब्यात देऊन ठेवलेले तारण, जसे सोनेतारण कर्ज. भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 172.

हायपोथिकेशन म्हणजे नजरगहाण. वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात राहते आणि तो ती वापरतो. मोटार, यंत्रे, गोदामातला माल यांना हेच. गाडीचे कर्ज फिटल्यावर आरसीवरचे नजरगहाण उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. कर्ज फेडल्याने ते आपोआप उतरत नाही.

लीन म्हणजे धारणाधिकार. देणे फिटेपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क. त्याच करार कायद्याच्या कलम 171 मध्ये बँकेचा सर्वसाधारण धारणाधिकार आहे. मुदत ठेवीवर ‘लीन मार्क’ करतात तो हाच शब्द. सरकारी नोकरीतल्या पदावरचा ‘लीन’ही धारणाधिकारच, पण तिथे अर्थ मूळ पदावर परतण्याचा हक्क असा आहे.

एन्कम्ब्रन्स सर्वांत व्यापक. बोजा, गहाण, पोटगीचा हक्क, जप्ती असे सगळे त्यात येते. त्यालाही ‘बोजा’ म्हणायचा मोह होतो, पण मग ‘चार्ज’साठी शब्द उरत नाही. आपल्या जुन्या खरेदीखतांत यासाठी नामी शब्द आहे: जडजोखीम. ‘सदर मिळकत गहाण, दान, अन्नवस्त्र, पोटगी, जप्ती, बोजा वगैरे कोणत्याही जडजोखमीत गुंतविलेली नाही.’ या एका वाक्यात बोजा हा जडजोखमीचा प्रकार आहे हे आपोआप स्पष्ट होते. एवढा चांगला शब्द हाताशी असताना ‘भारग्रस्तता’ वगैरे घडवत बसू नये.

लेखणी, तुमच्या पत्रातला कर्जदार कंपनी आहे म्हणून हे वेगळे सांगतो. कंपनी अधिनियम, 2013 मध्ये ‘चार्ज’च्या व्याख्येतच मॉर्गेजचा समावेश केलेला आहे. म्हणजे 1882 च्या कायद्यात गहाण वगळून उरते ते चार्ज, आणि 2013 च्या कायद्यात गहाण धरून ते चार्ज. कंपनीने बोजा निर्माण केल्यापासून 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे सीएचजी-1 या फॉर्मने नोंद करायची असते. उशीर झाला तर ठरावीक मुदतीपर्यंत जादा फी भरून नोंद होते. नोंद झालीच नाही तर कंपनी अवसायनात गेल्यावर, म्हणजे ती गुंडाळायला काढल्यावर, ते काम बघणारा अवसायक तो बोजा विचारात घेत नाही. कर्ज फिटल्याचे कळवायचा फॉर्म सीएचजी-4. त्याला इंग्रजीत ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ म्हणतात. त्याचे ‘शुल्काचे समाधान’ करू नका, ‘बोजाची पूर्तता’ करा.

‘फ्लोटिंग चार्ज’ला तरता बोजा चालेल. कंपनीचा कच्चा माल, तयार माल, येणे रकमा अशा सतत बदलणाऱ्या मालमत्तेवर तो असतो. कंपनी माल विकू शकते, नवा आणू शकते, बोजा त्या सगळ्यावर तरंगत असतो. हप्ते थकले किंवा कंपनी बंद पडली की तो त्या क्षणी असलेल्या मालावर बसतो. इंग्रजीत याला ‘क्रिस्टलाइझ’ म्हणतात. ‘स्फटिकीकरण’ लिहिल्यास वाचणारा रसायनशास्त्राकडे वळेल. ‘बोजा त्या मालावर कायम होतो’ असे सरळ लिहावे.

याच्या उलट ‘फिक्स्ड चार्ज’, म्हणजे ठरावीक जमीन-यंत्रावरचा निश्चित बोजा. तुमच्या वीजजोडणीच्या कागदातही नेमका ‘फिक्स्ड चार्ज’ असणार, आणि तिथे अर्थ पूर्ण वेगळा आहे. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द जतन करून ठेवत असाल तर कर्जाची आणि विजेची शब्दयादी वेगळी ठेवा, नाहीतर एकातला शब्द दुसऱ्यात शिरेल.

---

स्थिर_आकार

विजेच्या बाजूने पुढे नेतो.

महावितरणचे मराठी बिल समोर धरा. ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ अशा ओळी एकाखाली एक आहेत. त्यांच्या खाली ‘वीज शुल्क’, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. पहिल्या ओळी इंग्रजीत ‘चार्ज’ आहेत. शेवटची ‘चार्ज’ नाही, ती ‘ड्यूटी’ आहे. आकार वीज कंपनीचा, शुल्क सरकारजमा. म्हणजे विजेच्या कागदात ‘चार्ज’ला ‘शुल्क’ लिहिले की कंपनीची रक्कम कर होऊन बसते. इथे आकारच हवा.

‘भार’ही इथे चालणार नाही. बिलावर ‘मंजूर भार’ ही स्वतंत्र नोंद असते, किलोवॉटमध्ये. तो ‘लोड’. भारनियमनातला भारही तोच.

उलट ‘आकार’ हा शब्द सातबाराजवळ नेऊ नका. तिथे आकार म्हणजे जमिनीच्या महसुलाची आकारणी, रुपये-पैशांत. एकच शब्द दोन दप्तरांत दोन अर्थांनी रुळलेला आहे आणि दोन्ही बरोबर आहेत.

---

तयारी_चालू

मध्येच विचारतो. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत फी, चार्ज, फेअर, टोल, कॉस्ट, प्राइस हे समानार्थी म्हणून देतात आणि मग रिकाम्या जागेत एकच बरोबर धरतात. फरक कसा लक्षात ठेवायचा?

---

स्थिर_आकार

पैसे कशाबद्दल दिले ते बघा.

फी ही व्यावसायिकाला, संस्थेला किंवा परवानगीसाठी: वकिलाची, शाळेची, परीक्षेची. चार्ज हा वापराचा किंवा एखाद्या कामाचा: विजेचा, पोचवण्याचा, दुरुस्तीचा. फेअर फक्त प्रवासाचे भाडे. रेंट हेही मराठीत भाडेच, म्हणून मराठीतून विचार करणारा तिथे हमखास चुकतो. टोल म्हणजे रस्ता-पूल ओलांडण्याचा पथकर. प्राइस ही विकणाऱ्याने वस्तूवर लावलेली किंमत. कॉस्ट म्हणजे ती बनवायला किंवा मिळवायला आलेला खर्च, म्हणून ‘कॉस्ट प्राइस’ आणि ‘सेलिंग प्राइस’ असे दोन शब्द शाळेच्या गणितात असतात. फाइन म्हणजे दंड. सरचार्ज म्हणजे मूळ रकमेवर चढवलेला अधिभार. सेस म्हणजे उपकर, ठरावीक कारणासाठी.

व्याकरणाचीही एक खूण आहे. ‘चार्ज’ क्रियापद म्हणून चालते आणि त्याला माणूस कर्म म्हणून लागतो: ‘दे चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज.’ ‘फी’ आणि ‘फेअर’ असे चालत नाहीत. ‘कॉस्ट’ चालते, पण कर्ता वस्तू असते, दुकानदार नव्हे: ‘इट कॉस्ट मी फिफ्टी रुपीज.’ रिकाम्या जागेच्या आधी दुकानदार आहे की वस्तू, एवढ्यावरून निम्मे प्रश्न सुटतात.

---

काळा_कोट

न्यायालयाच्या आदेशाबद्दल.

फौजदारी कामात ‘चार्ज’ म्हणजे दोषारोप. ‘आरोप’ हा शब्द ‘ॲलिगेशन’साठी मोकळा ठेवा, कारण एकाच आदेशात दोन्ही येतात. ॲलिगेशन कोणीही करतो: फिर्यादी, शेजारी, वर्तमानपत्र. ‘चार्ज’ न्यायालय ठेवते, लेखी, कलम आणि तपशिलासह. त्यात काय काय असावे हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 211 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 234 आहे. जुन्या प्रकरणांच्या आदेशांत जुनेच आकडे असतील, ते आपल्या मनाने बदलू नयेत.

क्रम असा. पोलीस गुन्हा नोंदवतात. तपास करतात. मग न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात, वर्तमानपत्रांच्या भाषेत आरोपपत्र. त्यानंतर न्यायालय कागद वाचते, दोन्ही बाजू ऐकते आणि पुरेसा आधार दिसला तर दोषारोप निश्चित करते. म्हणून ‘चार्जशीटेड’ आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, मध्ये कधी कधी काही वर्षेही जातात. दोन्हींना ‘आरोप ठेवले’ लिहिले तर खटला कुठवर आला हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आधार दिसला नाही तर ‘डिस्चार्ज’. इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘डिस्चार्ज’ आणि ‘ॲक्विटल’ दोन्हींना सर्रास ‘निर्दोष सुटका’ लिहितात. डिस्चार्ज दोषारोप ठेवण्याआधीच होतो, तिथे खटला चाललेलाच नसतो. त्याला विनादोषारोप मुक्तता म्हणावे. ॲक्विटल म्हणजे खटला चालून झालेली दोषमुक्ती. ती कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्जला हे संरक्षण नाही. पुढे नवा पुरावा आला तर मार्ग खुला राहतो. एका शब्दाने माणसाच्या डोक्यावरची टांगती तलवार आहे की गेली, एवढा फरक पडतो.

परदेशी बातम्यांतले ‘चार्ज्ड’ वेगळे. ब्रिटनमध्ये पोलीस किंवा अभियोक्ते माणसावर औपचारिक आरोप ठेवतात तेव्हा तो ‘चार्ज्ड’ होतो. ते आपल्याकडच्या ‘गुन्हा दाखल’च्या पुढचे आणि ‘दोषारोप निश्चित’च्या अलीकडचे आहे. तिथे ‘औपचारिक आरोप ठेवला’ असे लिहिणे सुरक्षित.

विभागीय चौकशीत मात्र न्यायालय नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 खालच्या ज्ञापनासोबत जोडपत्रे असतात. ‘आर्टिकल्स ऑफ चार्ज’ म्हणजे दोषारोपाच्या बाबी. ‘स्टेटमेंट ऑफ इम्प्यूटेशन्स’ म्हणजे त्या प्रत्येक बाबीच्या पुष्ट्यर्थ गैरवर्तणुकीचे विवरण. मग कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. पहिले दोन एकच समजून दोन्हींना ‘आरोपांची यादी’ म्हणू नका. पहिल्यात दोष काय ते थोडक्यात असते, दुसऱ्यात तो कसा, कधी, कुठे घडला ते.

आता क्वचित येणारा पण आला तर घात करणारा अर्थ: ‘चार्ज टू द ज्युरी’. ज्युरीपुढे, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, चालणाऱ्या खटल्यात न्यायाधीश शेवटी ज्युरीला पुरावा आणि कायदा समजावून सांगतात, ते भाषण म्हणजे चार्ज. मुंबईच्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात, ज्युरीने 8 विरुद्ध 1 मताने ‘दोषी नाही’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले. न्यायाधीशांच्या चार्जमध्ये ज्युरीची दिशाभूल करणाऱ्या चुका होत्या, असे उच्च न्यायालयात ठरले आणि शिक्षा झाली. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालातला ‘मिसडायरेक्शन इन द चार्ज’ हा भाग ‘आरोपातील चूक’ असा अनुवादला तर मुद्दाच नाहीसा होतो. चूक आरोपात नव्हती, ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनात होती.

---

दप्तर_कारकून

कार्यालयातला ‘चार्ज’ राहिला. ‘टूक ओव्हर चार्ज’ म्हणजे कार्यभार किंवा पदभार स्वीकारला. ‘ॲडिशनल चार्ज’ अतिरिक्त कार्यभार. ‘इन-चार्ज’ प्रभारी. दूतावासातले ‘शार्जे दाफेअर’ प्रभारी राजदूत. बोलताना सगळे ‘चार्ज दिला-घेतला’च म्हणतात, पण कागदावर कार्यभार हस्तांतरण.

अर्थसंकल्पातला ‘चार्ज्ड एक्सपेंडिचर’ही नोंदवून ठेवा: भारित खर्च. राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 प्रमाणे राज्यपालांचे वेतन-भत्ते, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरचे व्याज असे खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतात. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. मतदानाने मंजूर होणारा तो दत्तमत खर्च. याला ‘आकारलेला खर्च’ लिहिलेले अनुवाद दिसतात, ते साफ चूक.

---

कूलोम

विज्ञानाचे थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांत विद्युत प्रभार, धन प्रभार, ऋण प्रभार असे आहे; जुन्या लेखनात विद्युतभार सापडतो. वर सांगितलेल्या ‘लोड’शी गल्लत होते म्हणून प्रभार बरा. एकक कूलोम.

बॅटरीच्या वेष्टनावरचे 5000 मिलिअँपिअर-तास ही प्रभाराचीच मोजणी आहे: 5 अँपिअर गुणिले 3600 सेकंद, म्हणजे 18,000 कूलोम. ती ऊर्जा नव्हे. ऊर्जेसाठी व्होल्टने गुणावे लागते आणि उत्तर वॉट-तासांत येते. त्यामुळे ‘बॅटरी कपॅसिटी’चे भाषांतर ‘ऊर्जाक्षमता’ करताना एकक बघा.

क्रियापद म्हणून मात्र ‘चार्ज करणे’च ठेवा. सरकारी कागदांतही विद्युत वाहन चार्जिंग केंद्र असेच लिहितात. ‘प्रभारण’ कोणी वाचत नाही.

‘ओव्हरचार्ज’ तीन ठिकाणी तीन तऱ्हेने येतो. दुकानात जादा आकारणी. बॅटरीत मर्यादेबाहेर चार्ज करणे. बहुतेक लिथियम-आयन घटांना 4.2 व्होल्टच्या वर नेले की घट तापतो आणि बिघडतो. एसी-फ्रिजमध्ये गॅस जास्त भरणे. पाटीवर दिलेल्या वजनापेक्षा जास्त गॅस गेला की दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि थंडावा उलट घटतो. तंत्रज्ञ ‘गॅस भरला’ म्हणतो, तेच लिहावे.

कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत ‘चार्ज’ म्हणजे भट्टीत एका वेळी टाकायचा माल. क्युपोला भट्टीत कोक, चुनखडी आणि लोखंडाची मोड यांचे थर. कामगार ‘चार्ज टाकला’ म्हणतात आणि मराठी प्रशिक्षण पुस्तिकेत तोच शब्द ठेवणे योग्य. खाणीत आणि विहिरीच्या कामात सुरुंगात भरायची दारू म्हणजेही ‘चार्ज’.

‘रीचार्ज’चे दोन: मोबाइलचा रिचार्ज, आणि पाण्याचे पुनर्भरण. ‘वेल रीचार्ज’ म्हणजे विहीर पुनर्भरण. ‘डिस्चार्ज’ धरणाच्या संदर्भात आला तर विसर्ग, क्युसेकमध्ये; 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर.

---

कडेकपारी

हल्ल्याच्या अर्थासाठी मराठी श्रीमंत आहे, म्हणून सगळीकडे ‘हल्ला’ लिहू नये. ‘अटॅक’ कसाही होतो, दुरूनही, दबूनही. ‘रेड’ म्हणजे छापा किंवा धाड, येऊन पुन्हा निघून जाणे. ‘चार्ज’ म्हणजे वेगाने, सरळ, जवळ भिडण्यासाठी धावणे. घोडदळाच्या चार्जला एल्गार किंवा ‘चाल करून जाणे’. पोलिसांचा तो लाठीमार.

जनावरांत रानडुकराचा चार्ज म्हणजे मुसंडी. गवा किंवा हत्ती अंगावर येतो. हत्ती कान फेंदारून, धूळ उडवत धावत येतो आणि अर्ध्यातच थांबतो, तो ‘मॉक चार्ज’. मराठी लेखांत त्याला ‘खोटा हल्ला’ म्हणतात, पण आपल्याकडे यासाठी हूल आहे. हत्तीने हूल दिली. जंगलाच्या माहितीफलकावर हा शब्द गावच्या माणसाला लगेच समजतो.

‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ला ‘भारलेले वातावरण’ लिहिताना जपा. मराठीत भारलेले म्हणजे मंत्राने, सुरांनी मोहून गेलेले. मैफलीला शोभेल, दंगलीच्या बातमीला नाही. तिथे तापलेले किंवा तणावाचे.

---

लेखणी_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. जडजोखीम आणि हूल हे दोन शब्द तर आजच यादीत गेले. कर्जमंजुरीपत्रातले एक वाक्य अजून जमत नाही, तेवढे बघावे. देवनागरीत देतो:

‘द बँक शॅल हॅव अ फर्स्ट चार्ज ऑन द प्लांट अँड मशिनरी, अँड ऑल चार्जेस इन्कर्ड इन एन्फोर्सिंग द सेड चार्ज शॅल बी चार्ज्ड टू द बॉरोअर्स अकाउंट.’

माझा प्रयत्न: ‘यंत्रसामग्रीवर बँकेचा प्रथम बोजा राहील आणि सदर बोजाच्या अंमलबजावणीत आलेले सर्व आकार कर्जदाराच्या खात्यावर आकारले जातील.’

---

फेरफार

पहिला भाग बरोबर. ‘प्रथम’पेक्षा ‘पहिला बोजा’ जास्त रुळलेला आहे. त्याचा अर्थ इतर कर्ज देणाऱ्यांच्या आधी वसुली, तेव्हा तो आकडा दस्तात सगळीकडे सारखाच ठेवा, पुढे ‘दुसरा बोजा’ येईल तेव्हा जुळेल.

दुसऱ्या भागातले ‘चार्जेस’ हे आकार नव्हेत. ‘इन्कर्ड’ आहे म्हणजे बँकेच्या खिशातून गेलेला खर्च: वकील, नोटिसा, मूल्यमापन, लिलावाची जाहिरात. आकार लिहिले तर बँक स्वतःचे दर लावते आहे असा अर्थ होईल. ‘एन्फोर्सिंग’ला अंमलबजावणी ठीक, पण बोजाची ‘वसुली’ म्हटले की कर्जदाराला नेमके कळते. आणि ‘चार्ज्ड टू’ म्हणजे नावे टाकणे:

‘यंत्रसामग्रीवर बँकेचा पहिला बोजा राहील, आणि सदर बोजापोटी वसुली करताना बँकेला आलेला सर्व खर्च कर्जदाराच्या खात्यात नावे टाकण्यात येईल.’

यंत्रे कर्जदाराच्याच ताब्यात राहणार असतील तर मंजुरीपत्रात पुढे हायपोथिकेशनचे कलम असणार. तिथे नजरगहाण लिहा आणि या वाक्यातला ‘बोजा’ तसाच ठेवा.

---

काळा_कोट

एकच भर. ‘सदर बोजापोटी’मधला ‘सदर’ काढू नका. पुढे तरत्या बोजाचे कलम आहे असे तुम्ही वर लिहिले आहे. ‘सदर’ गेला तर खर्च कोणत्या बोजाच्या वसुलीचा यावर वाद उभा राहू शकतो.